टोमॅटोवरील किडी आणि मित्रकीटक

टोमॅटोवरचे कीटक ढोबळमानाने दोन गटांत मांडतात, पिकाचं नुकसान करणाऱ्या किडी आणि त्या किडींना खाणारे किंवा परागीभवन करणारे मित्रकीटक. मावा, फुलकिडे, फळ पोखरणारी अळी या नेहमीच्याच किडी. पांढऱ्या माशीचं नुसतं रस शोषणं एकवेळ चालतं, खरा धोका तिच्यातून पसरणाऱ्या लीफ कर्ल (पानं आकसवणाऱ्या) व्हायरसचा.

अभ्यासकांत जास्त चर्चा टुटाची, म्हणजे टोमॅटोची पानं आतून पोखरणारी अळी असलेल्या छोट्या पतंगाची. १९१७ मध्ये मेरिक या कीटकशास्त्रज्ञाने पेरू देशातल्या पतंगावरून हिचं वर्णन केलं ते फ्थोरिमिया वंशात, मग वंश बदलत गेला, १९९४ पासून टुटा अब्सोल्युटा रूढ झालं आणि २०२१ मध्ये तिला परत फ्थोरिमियातच नेलं, तरी शेतात आणि लेखांत टुटाच चालतं. मूळ दक्षिण अमेरिकेचं हे नक्की, त्यातही पेरूचा मध्य डोंगराळ भाग असावा हे मत जास्त पटतं, अर्थात पहिला नमुना जिथं मिळाला तेच मूळस्थान असं त्यावरून सिद्ध होत नाही. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये दिसली आणि २०१४ मध्ये भारतात. नागअळीशी तिची गल्लत फार होते, पण नागअळीची पानावरची रेघ बारीक नागमोडी असते आणि टुटाचा डाग रुंद, पापुद्र्यासारखा, उजेडात धरला की आत काळी विष्ठा दिसते.

मित्रकीटकांत ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, मग ते अंडं काळं पडतं. एन्कार्सिया फॉर्मोसा ही इवलीशी गांधीलमाशी ग्रीनहाऊसमधल्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत तसंच अंडं घालते, १९२० च्या दशकापासून तिचा वापर आहे. लेडीबर्ड (ढालकिडा) आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक) यांच्या अळ्या मावा खातात.

नेसिडियोकोरिस टेनुइस हा ढेकूण मात्र कुठल्याच गटात नीट बसत नाही. पांढरी माशी आणि टुटाची अंडी तो आवडीने खातो, पण भक्ष्य संपलं की शेंड्याकडच्या देठांना टोचतो आणि तिथं तपकिरी कडी उमटते. काहीजण त्याला सरळ कीड म्हणतात, पण भक्ष्य भरपूर असेपर्यंत मित्र म्हणणंच योग्य वाटतं, संख्येवर लक्ष ठेवून.

परागीभवनाला भुंगमाशी (बंबलबी) सर्वांत उपयोगी. ती फुलाला जबड्यात धरून अंग थरथरवते, त्याने पराग झडतात आणि पिवळ्या परागकोशावर तपकिरी चावे राहतात, ते चावे बघूनच फुलावर माशी येऊन गेली हे ओळखतात.