टेप बॅकअप, लिनक्स प्रणालीवरील

संगणकावरील डेटाची प्रत चुंबकीय फितीवर उतरवता यावी म्हणून लिनक्स प्रणालीला टेप ड्राइव्ह जोडून त्याची मांडणी करण्याची पद्धत. या कामासाठी आज मुख्यतः एलटीओ (लिनियर टेप-ओपन) या मानकाच्या कार्ट्रिज, म्हणजे फीत असलेल्या डब्या, वापरतात. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० गीगाबाइट डेटा मावत असे. नवव्या पिढीत संपीडनाशिवाय १८ टेराबाइट मावतो. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजपर्यंत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, पोहोचू शकत नाही. निजामकाळातील उर्दू व मोडी दप्तरांच्या स्कॅन प्रती सांभाळणाऱ्या मराठवाड्यातील संस्थांसाठी हा गुण फार मोलाचा आहे.

ड्राइव्ह बहुधा एसएएस कार्डावर (डिस्क व टेप ड्राइव्ह जोडण्याचे कार्ड) जोडतात आणि कर्नेलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, एसटी हा ड्रायव्हर तो ओळखतो. एकाच ड्राइव्हसाठी ‘डेव्ह’ निर्देशिकेत एसटी० आणि एनएसटी० अशी दोन नावे दिसतात. पहिल्या नावाने काम केल्यास आज्ञा संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केल्यास ती जिथे थांबली तिथेच राहते. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. सोमवारचा बॅकअप एसटी० वर घेऊन मंगळवारचाही त्याच नावाने त्याच कार्ट्रिजवर घेतला, तर तो सोमवारच्या बॅकअपवरच लिहिला जातो आणि प्रणाली त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. म्हणून रोजच्या कामात एनएसटी० हेच नाव वापरावे आणि नवा बॅकअप लिहिण्यापूर्वी फीत पुढे-मागे नेणाऱ्या ‘एमटी’ आज्ञेच्या ‘ईओडी’ क्रियेने फीत लिहिलेल्या भागाच्या शेवटी न्यावी. ड्राइव्ह एकाहून अधिक असतील, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर क्रमांक बदलू शकतात. अशा वेळी ड्राइव्हच्या अनुक्रमांकावरून तयार होणारे कायमचे नाव वापरणे श्रेयस्कर.

ब्लॉकचा, म्हणजे फितीवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा, आकारही आधीच ठरवावा लागतो. फाइली एकत्र बांधून फितीवर लिहिणारी ‘टार’ आज्ञा स्वतःहून १० किलोबाइटचे ब्लॉक लिहिते, पण वेगवान ड्राइव्हला २५६ किलोबाइटसारखे मोठे ब्लॉक मानवतात. बदलत्या आकाराच्या ब्लॉकसाठी ‘एमटी’ने आकार शून्य ठेवतात, मात्र मोठे ब्लॉक लहान आकार सांगून वाचू गेल्यास स्मृती अपुरी असल्याची दिशाभूल करणारी त्रुटी येते, म्हणून लिहिताना वापरलेला आकार कार्ट्रिजच्या लेबलवर नोंदवून ठेवावा. डेटा संथपणे येत राहिला, तर फीत थांबून, मागे जाऊन पुन्हा पुढे सरकते आणि झिजते. मधे डेटा स्मृतीत साठवून एकसलग पुढे पाठवणारा ‘एमबफर’ हा प्रोग्राम लावल्यास हे टळते.

भारनियमन असलेल्या भागात ड्राइव्ह आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर हवेत, कारण लिहिताना वीज गेली तर बफरमधील डेटा फितीवर पोहोचत नाही आणि शेवटची खूणही उमटत नाही. दीर्घकाळ ठेवायच्या कार्ट्रिजसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान सुचवले जाते, तर मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे पत्र्याच्या छताखालची खोली त्यांच्यासाठी योग्य नाही. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावेच्या गावे जमीनदोस्त केली. अशा आपत्तीत एकाच इमारतीतील दोन प्रती एकाच वेळी नष्ट होतात.

बॅकअप झाल्यावर फीत मागे घेऊन ‘टार’च्या तुलना पर्यायाने ती मूळ फाइलींशी ताडून पाहावी आणि अधूनमधून एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर परत उतरवून पाहावी. जुन्या कार्ट्रिज वाचणारा ड्राइव्हही जपावा लागतो: सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत असत, आठव्या आणि नवव्या पिढीच्या ड्राइव्हला मागची एकच पिढी वाचता येते, तर दहाव्या पिढीच्या ड्राइव्हला मागची एकही नाही.