पार्श्वभूमी: लिनक्सच्या डिस्क-मांडणीतले नियम आले कुठून

लिनक्स बसवण्याची एखादी जुनी मार्गदर्शिका उघडली की ठरावीक सूचना भेटतात. बूटसाठी (मशीन सुरू होण्यासाठी) डिस्कच्या अगदी सुरुवातीला छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग करा, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) पुन्हा लिहा, स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट ठेवा. यातल्या प्रत्येक सूचनेमागे एकेकाळी खरी अडचण होती. काही अडचणी कधीच्या मिटल्या, पण सूचना नकलून पुढे जात राहिल्या. काही मात्र रूप बदलून आजही उभ्या आहेत, आणि नेमक्या त्याच नवख्या माणसाला अडवतात.

सुरुवात १९८३ ची. आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि डॉस २.० ने तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या छोट्या कप्प्यात, पार्टिशनची नोंद ठेवण्याची एमबीआर ही पद्धत पाडली. त्या ५१२ बाइटच्या सेक्टरची वाटणी अशी: ४४६ बाइट बूट करणाऱ्या कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला, शेवटचे २ सहीला. ६४ बाइटमध्ये १६ बाइटच्या चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशनं चार. पाचवं हवं असेल तर एक्स्टेंडेड करून त्यात लॉजिकल पार्टिशनं करायची. लिनक्समध्ये त्यांचे क्रमांक नेहमी ५ पासून सुरू होतात ते याचमुळे. नोंदीत सेक्टरच्या क्रमांकाला ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की हद्द साधारण २.२ टीबी येते, आणि ३ टीबीची डिस्क एमबीआरने मांडली की उरलेली जागा वापरताच येत नाही.

दुसरी हद्द बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची होती. सिलिंडरच्या (डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या) क्रमांकाला १० बिट, म्हणजे १,०२४ सिलिंडर. आयडीई या तेव्हाच्या जोडणीच्या डिस्कची १६ हेडची (वाचणाऱ्या टोकांची) आणि बायोसचीच ६३ सेक्टरची मर्यादा यांच्याशी त्याची सांगड घातली की हिशेब ५२८ एमबीवर अडायचा. पुढे बायोसने हेडचा आकडा फुगवून ती हद्द ८.४ जीबीच्या आसपास नेली. लिलो हा त्या काळचा बूटलोडर कर्नल वाचण्यासाठी बायोसवरच अवलंबून असे, त्यामुळे कर्नल या हद्दीच्या आत असणं भाग होतं. सुरुवातीच्या छोट्या बूट पार्टिशनचा उगम हा. लिलोला फाइल सिस्टीम (फाइली डिस्कवर मांडण्याची रचना) कळत नसे. कर्नल कोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो लिहून ठेवी. नवा कर्नल टाकून लिलो पुन्हा चालवला नाही तर यादी शिळी. बूट होताना त्याच्या नावातलं एकेक अक्षर एकेका टप्प्यानंतर उमटे, आणि किती अक्षरांवर मशीन थिजलं यावरून दोष शोधला जाई. त्रोटक खरं, पण ४४६ बाइटमध्ये याहून बोलकं काय लिहिणार?

एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्ड या वेगळ्या प्रणालीसाठी सुरू केलेला ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टीम स्वतः वाचू लागला आणि सेक्टरांच्या यादीची कटकट संपली. पण ग्रबचा कोड मोठा. तो पहिल्या सेक्टरात मावेना, म्हणून उरलेला भाग पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत ठेवला गेला. पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असल्याने तिथे ६२ सेक्टर, म्हणजे ३१ केबी मिळत. ही जागा अधिकृतपणे कोणाचीच नव्हती. विंडोजवरचे काही परवाना तपासणारे प्रोग्रॅमही तिथेच लिहीत, आणि मग काल चालणारं लिनक्स आज बूट होत नसे.

हाच ६३ चा आकडा २०१० च्या सुमारास पुन्हा आडवा आला. नव्या हार्ड डिस्क आतून ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरू लागल्या. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टीमचा प्रत्येक ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर पसरे आणि एक ब्लॉक लिहिण्यासाठी डिस्कला आधी दोन्ही वाचावे लागत. लिहिण्याचा वेग साफ कोसळे. म्हणून आजची साधनं पहिलं पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरपासून, बरोबर १ एमबीवर सुरू करतात. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर क्लोन केली असेल तर एफडिस्क या पार्टिशनच्या साधनात सुरुवातीचा सेक्टर बघून घ्यावा. त्याला ८ ने भाग गेला पाहिजे.

जीपीटी हे नवं पार्टिशन टेबल इंटेलच्या ईएफआय या बायोसची जागा घेणाऱ्या पद्धतीबरोबर आलं आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमकडे गेलं. साधारण मांडणीत १२८ नोंदी, ६४ बिटचे सेक्टर क्रमांक, आणि टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. एमबीआरपेक्षा सरस, यात वाद नाही, पण त्याच्याही खोड्या आहेत. जुन्या बायोसच्या मशीनवर जीपीटी वापरली तर ग्रबची ती मोकळी पट्टी उरत नाही. १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं ‘बायोस बूट’ पार्टिशन द्यावं लागतं. लहान डिस्क मोठ्या डिस्कवर डीडी या हुबेहूब नक्कल करणाऱ्या कमांडने उतरवली की टेबलची दुसरी प्रत मध्येच कुठेतरी राहते. एसजीडिस्क या जीपीटीच्या साधनाच्या ‘-ई’ पर्यायाने ती शेवटी नेता येते. आणि सर्वांत घाबरवणारा प्रकार म्हणजे काही यूएसबी केस आतल्या डिस्कचे सेक्टर ४,०९६ बाइटचे असल्याचं संगणकाला सांगतात. अशा केसमध्ये मांडलेली डिस्क बाहेर काढून संगणकातल्या साटा या जोडणीला थेट लावली की रिकामी दिसते. टेबल शाबूत असतं, फक्त वेगळ्या ठिकाणी शोधलं जातं. घाईने ‘इनिशियलाइझ’ करू नये. परत त्याच केसमध्ये घालून डेटा काढावा.

यूईएफआयमध्ये, म्हणजे ईएफआयच्या पुढच्या रूपात, बूटलोडर एक साधी फाइल झाली. ती फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या ईएसपी या पार्टिशनवर राहते, आणि तिचा पत्ता मदरबोर्डच्या स्मृतीत. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर हा पत्ता पुसला गेला की लिनक्स ‘गायब’ होतं, प्रत्यक्षात डिस्कवरची एकही फाइल हललेली नसते. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवून नोंद पुन्हा करता येते. अट एकच: लाइव्ह यूएसबीही यूईएफआय पद्धतीने सुरू झालेली हवी. लाइव्ह यूएसबीच्या ‘सिस’ डिरेक्टरीतल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ दिसत नसेल तर ती जुन्या बायोस पद्धतीने चालली आहे, आणि तिथून केलेलं इन्स्टॉलेशनही सहसा त्याच पद्धतीचं होईल. विंडोजने केलेली ईएसपी बहुतेक वेळा १०० एमबीची असते. कर्नलही त्याच पार्टिशनवर ठेवणाऱ्या मांडणीत ती दोन-तीन अपडेटमध्ये भरते. नव्याने करताना ५१२ एमबी ते १ जीबी द्यावी. वेगळं बूट पार्टिशन आज मुख्यतः रूट पार्टिशन (जिथे मुख्य सिस्टीम असते ते) एन्क्रिप्ट केलेलं असेल तर लागतं, सिलिंडरांशी त्याचा आता संबंध नाही.

डिस्कच्या नावांचा इतिहास थोडक्यात असा. आयडीई डिस्क ‘एचडीए’, स्कझी या दुसऱ्या जोडणीच्या डिस्क ‘एसडीए’. २००७ च्या आसपास डिस्ट्रिब्यूशन (लिनक्सचे तयार संच) लिबएटीए ड्रायव्हरवर गेली आणि आयडीई डिस्कही ‘एसडीए’ झाल्या. ज्यांच्या एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याच्या यादीत) जुनी नावं होती त्यांची मशीन अपडेटनंतर अडली. तेव्हापासून यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा स्वतंत्र ओळखक्रमांक, लिहिण्याची रीत पडली. ती अजूनही रास्त आहे, कारण ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ हा क्रम आजही दर बूटला तोच राहील याची खात्री नाही. मात्र क्लोन केलेल्या डिस्कवर यूयूआयडीसुद्धा तोच येतो. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर कोणती माउंट होईल ते नशिबावर. फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असेल तर ट्यून२एफएस या कमांडने एकीचा यूयूआयडी बदलावा. बाहेरची किंवा दुय्यम डिस्क एफस्टॅबमध्ये टाकताना ‘नोफेल’ लिहावंच. नाहीतर डिस्क जोडलेली नसताना सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट बघून थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं.

लिनक्सची पहिली फाइल सिस्टीम मिनिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमची होती: ६४ एमबीची मर्यादा आणि १४ अक्षरांची नावं. १९९२ मध्ये ईएक्सटी आणि १९९३ मध्ये ईएक्सटी२ आली. ईएक्सटी२ मध्ये जर्नल (बदलांची आधीच ठेवलेली नोंद) नव्हतं, त्यामुळे वीज गेली की पुढच्या बूटला सगळी डिस्क तपासली जाई. डिस्क मोठ्या होत गेल्या तसं ते काम तासांवर गेलं. २००१ मध्ये कर्नल २.४.१५ बरोबर आलेल्या ईएक्सटी३ ने जर्नल दिलं, २००८ च्या शेवटी २.६.२८ मध्ये ईएक्सटी४ स्थिर झाली. जर्नल फाइल सिस्टीमची रचना सांभाळतं, अर्धवट लिहिलेल्या फाइलमधला मजकूर परत आणत नाही, हे बऱ्याचदा विसरलं जातं. ईएक्सटी२ कडून आलेली एक सवय आजही जागा खाते: ५ टक्के ब्लॉक रूट या प्रशासक वापरकर्त्यासाठी राखीव असतात. रूट पार्टिशनवर ते असू द्यावेत, पण ४ टीबीच्या निव्वळ डेटाच्या डिस्कवर म्हणजे २०० जीबी अडकले. ट्यून२एफएसला ‘-एम १’ सांगितलं की बहुतेक जागा सुटते, पुन्हा फॉरमॅट करावं लागत नाही.

एसएसडी आल्यावर कोणता ब्लॉक रिकामा झाला हे ड्राइव्हला कळवण्याची गरज निर्माण झाली, हेच ट्रिम. ईएक्सटी४ मध्ये त्यासाठीचा ‘डिस्कार्ड’ पर्याय २०१० मध्ये आला, पण प्रत्येक फाइल पुसताना ट्रिम पाठवणं काही ड्राइव्हना जड गेलं, म्हणून आठवड्यातून एकदा एफएसट्रिम ही कमांड चालवण्याची पद्धत रूढ झाली. बहुतेक डिस्ट्रिब्यूशनमध्ये त्याचा टायमर चालू असतो. सिस्टमसीटीएल या कमांडने एकदा खात्री करावी. ड्राइव्ह लक्स या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला असेल तर ट्रिम आपोआप खालपर्यंत पोहोचत नाही, क्रिप्टटॅब या फाइलमध्ये ‘डिस्कार्ड’ लिहावं लागतं. त्यामुळे कोणते ब्लॉक रिकामे आहेत हे ड्राइव्ह हाती लागलेल्याला कळू शकतं. ते चालणार आहे का, हे ज्याने त्याने ठरवायचं.

राहिला स्वॅप. रॅमच्या दुप्पट हा हिशेब रॅम थोडक्या एमबीत मोजली जाण्याच्या काळचा. ३२ जीबी रॅमच्या मशीनला ६४ जीबी स्वॅप देण्यात अर्थ नाही. २ ते ४ जीबीची स्वॅप फाइल पुरते. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद) करायचं असेल तर मात्र रॅमएवढी जागा ठेवावी, आणि स्वॅप फाइल वापरत असाल तर ती डिस्कवर कुठून सुरू होते तो ऑफसेट कर्नलला ‘रिझ्यूम ऑफसेट’ म्हणून द्यावा. ती फाइल पुसून नव्याने केली की ऑफसेट बदलतो, आणि जुना आकडा तसाच राहिला तर झोपवलेलं सत्र परत येत नाही, मशीन सरळ नव्याने सुरू होतं.