‘इतकी वर्षं वापरतोय, मग ॲलर्जी कशी येईल?’

केसांचा डाय दहा वर्षं लावूनही काही झालं नाही, म्हणजे तो आपल्याला ‘सोसतो’, हा समज चुकीचा आहे. संपर्कातून येणारी ॲलर्जी बहुधा वारंवारच्या वापरातूनच तयार होते.

काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाचे रेणू इतके लहान असतात, की ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी) हे जोडरेणू जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. टी-पेशींनी त्यांना ‘शत्रू’ ठरवायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, आणि तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. हे पहिल्या वापरात घडेल किंवा पन्नासाव्या. पुढच्या वेळी मात्र 24 ते 72 तासांत खाज, सूज, पाणी भरलेले फोड. अनेकदा टाळूपेक्षा पापण्या आणि कानच जास्त सुजतात, कारण तिथली त्वचा पातळ असते.

लावल्या लावल्या होणारी आग बहुतेकदा वेगळी: ती रसायनाने थेट केलेली इजा. तिथे प्रमाण कमी केलं की त्रासही कमी होतो. ॲलर्जीत मात्र अगदी थोडा अंशही पुरतो, म्हणून ‘थोडाच लावतो’ ही पळवाट चालत नाही. (तात्पुरत्या टॅटूच्या ‘काळ्या मेंदी’तही अनेकदा पीपीडीच असतं.)

खात्री पॅच टेस्टने होते: पाठीवर संशयित रसायन लावलेल्या पट्ट्या, 48 तासांनी काढायच्या, 72 ते 96 तासांनी तिथली त्वचा पुन्हा तपासायची. रक्तातल्या आयजीई (लगेच उठणाऱ्या ॲलर्जीतलं प्रतिपिंड) चाचणीत टी-पेशींमुळे होणारी ही ॲलर्जी सापडत नाही.