रिकामा संगणक किती वेळ रिकामा राहील?

नागपुरात हिंगणा रोडवरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये संध्याकाळी सहानंतर डोकावून बघा. दिवसभर प्रॅक्टिकलच्या बॅचेसनी गजबजलेली साठ-सत्तर यंत्रं नुसती पडून असतात. लॅब असिस्टंट कुलूप लावून जातो आणि सकाळपर्यंत त्या प्रोसेसरना काही काम नसतं. त्याच वेळी शहरात कुणी पीएचडीची विद्यार्थिनी आपलं मॉडेल एकाच लॅपटॉपवर आठवडेच्या आठवडे चालवत बसलेली असते. या दोघांची गाठ घालून देणं म्हणजे ग्रिड कॉम्प्युटिंग: वेगवेगळ्या मालकांचे, वेगवेगळ्या ठिकाणचे संगणक नेटवर्कनं जोडायचे आणि त्यांचा मोकळा वेळ गरजूंना वाटून द्यायचा.

तारा जोडणं हा यातला सोपा भाग. खरी कसोटी पुढे लागते. हे यंत्र आत्ता मोकळं आहे, पण आणखी किती वेळ मोकळं राहील? आणि ते आपण किती खात्रीनं सांगू शकतो? सामायिक संगणनाचं यश यंत्रांच्या संख्येपेक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटानं १९८०च्या दशकात कॉन्डर नावाची प्रणाली उभी केली. आज ती एचटीकॉन्डर या नावानं ओळखली जाते आणि मोफत मिळते. तिचा मूळ शिरस्ता साधा होता. पंधरा मिनिटं कीबोर्डला कुणी हात लावला नाही आणि यंत्रावर फारसा भार नसला, तर पाहुण्याचं काम त्यावर सुरू करायचं. मालक परत येऊन बसला की पाहुण्यानं निमूटपणे बाजूला व्हायचं. मालकाचा हक्क आधी हे तत्त्व पाळलं गेलं, म्हणूनच लोक आपली यंत्रं द्यायला तयार झाले.

इयान फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी १९९०च्या दशकात या कल्पनेला मोठं रूप दिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे विजेचं जाळं होतं. नागपूरकरांना ते जाळं घरचंच. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात मागणी किती येईल याचा अंदाज बांधतात आणि कोणत्या संचानं किती वीज द्यायची हे आदल्या दिवशीच ठरवतात. संगणकाच्या वेळेचा हिशेब मात्र याहून अवघड. कोराडीची वीज काय आणि चंद्रपूरची काय, घरातल्या कूलरला दोन्ही सारख्याच. संगणकाचं तसं नाही. पुण्यातला तासभर आणि नागपुरातला तासभर यांत प्रोसेसरचा फरक, मेमरीचा फरक, सॉफ्टवेअर बसवलेलं आहे की नाही याचा फरक. शिवाय कामासोबत डेटाही तिथवर न्यावा लागतो.

या शेवटच्या मुद्द्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून तो आकड्यांत पाहू. समजा, विदर्भातल्या उष्णतेच्या लाटांचं विश्लेषण करायचं आहे आणि त्यासाठी ४०० जीबी डेटा लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तो आधीच आहे, पण तिथं काम पुरं व्हायला २० तास लागतील. दुसऱ्या शहरातल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या संचावर, तेच काम ८ तासांत होईल. मात्र १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगानं ४०० जीबी पाठवायला जवळजवळ ९ तास जातात आणि तिथल्या रांगेत आणखी ६ तास थांबावं लागणार आहे. बेरीज झाली २३ तास. म्हणजे शेजारची संथ यंत्रं जिंकली! उद्या लिंक १ गिगाबिटची झाली, तर डेटा तासाभरात पोहोचतो आणि निकाल उलटा फिरतो. प्रोसेसर, नेटवर्क आणि रांग या तिन्हींचा अंदाज एकत्र मांडल्याशिवाय काम कुठं पाठवावं हे ठरवताच येत नाही.

मग हा अंदाज बांधायचा कसा? रिच वोल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नेटवर्क वेदर सर्व्हिस नावाची व्यवस्था तयार केली. हवामानखातं जसं ठिकठिकाणी नोंदी घेतं, तशी ही व्यवस्था ग्रिडमधल्या यंत्रांची आणि जोडण्यांची सतत मोजणी करायची आणि पुढच्या थोड्या वेळाचं भाकीत द्यायची.

नुसती मोजणीसुद्धा किती फसवी असते, बघा. यंत्रावर आत्ता एक प्रोग्रॅम चालू असेल, तर नव्या प्रोग्रॅमला निम्मा प्रोसेसर मिळेल, दोन चालू असतील तर एक तृतीयांश, हा सरळ हिशेब. पण चालू असलेला प्रोग्रॅम मुद्दाम सगळ्यात खालच्या प्राधान्यावर ठेवलेला असला तर? बाहेरून यंत्र गुंतलेलं दिसतं. प्रत्यक्षात नवं काम आलं की तो बाजूला सरकतो आणि नव्याला जवळजवळ सगळा प्रोसेसर मिळतो. म्हणून वोल्स्कींच्या व्यवस्थेत अधूनमधून एक छोटासा चाचणी प्रोग्रॅम खरोखर चालवून बघायचे, त्याला किती वाटा मिळाला ते मोजायचे आणि त्यावरून वरवरच्या आकड्याची दुरुस्ती करायचे.

भाकिताची पद्धत तर मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका यंत्राच्या पाच नोंदी घेऊ, मोकळा प्रोसेसर टक्क्यांत: ९०, ८८, ९१, २०, ८९. मधेच अँटिव्हायरसनं डोकं वर काढलं असावं. सरासरी घेतली तर साधारण ७६ येते, आणि ती चुकीचं सांगते. मध्यक, म्हणजे नोंदी चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला तर ८९, आणि तो बरोबर. आता दुसरी मालिका: ९०, ८८, ८९, २५, २४. इथं कुणी विद्यार्थी येऊन कामाला बसला आहे. मध्यक अजूनही ८८ म्हणतो आणि सपशेल आपटतो. ‘शेवटची नोंद तीच पुढची’ हा अगदी भाबडा नियम २४ सांगतो आणि बरोबर ठरतो. दोन्ही ठिकाणी जिंकेल अशी एक पद्धत नाही. म्हणून ही व्यवस्था एखादं भारी सूत्र शोधत बसली नाही. तिनं सरासरी, मध्यक, शेवटची नोंद असे अनेक साधे नियम एकाच वेळी चालू ठेवले, प्रत्येकाची आजवरची चूक मोजत राहिली आणि ज्याची चूक सर्वांत कमी, त्याचं भाकीत पुढे केलं. यंत्राचा स्वभाव बदलला की नियमही आपोआप बदलतो.

एका यंत्राचं भाकीत जमलं तरी अनेक यंत्रांचं गणित वेगळंच वळण घेतं. एक संगणक सकाळपर्यंत मोकळा राहण्याची शक्यता ९८ टक्के आहे असं धरा. हवामानाच्या मॉडेलसारखं काम पन्नास यंत्रांवर पसरलं, तर प्रत्येक टप्प्यावर त्यांना एकमेकांशी आकडे वाटून घ्यावे लागतात. एक जरी गळलं तरी सगळे अडकतात. पन्नासच्या पन्नास यंत्रं टिकण्याची शक्यता, ती एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर, फक्त ३६ टक्के उरते. त्यामुळे उसन्या यंत्रांवर अशी कामं द्यावीत जी सुट्या तुकड्यांत मोडतात, आणि प्रत्येक तुकड्यानं ठरावीक अंतरानं आपली स्थिती डिस्कवर जपून ठेवावी.

हे अंतर किती असावं, याचं सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्येच दिलं आहे: स्थिती जपायला लागणारा वेळ आणि दोन व्यत्ययांमधला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि तिचं वर्गमूळ काढा. जपायला २ मिनिटं लागत असतील आणि सरासरी दर ४ तासांनी व्यत्यय येत असेल, तर उत्तर साधारण ३१ मिनिटं. व्यत्यय किती वेळानं येतो हाही पुन्हा अंदाजच. नागपुरात मे महिन्यात लाइट जाण्याचं प्रमाण वाढलं, की हेच अंतर कमी करावं लागेल.

आता मोठ्या क्लस्टरची रांग. ६४ नोडचं, म्हणजे ६४ जोडलेल्या संगणकांचं, यंत्र आहे, ४८ नोड संध्याकाळी सहापर्यंत अडकलेले आहेत आणि रांगेत पहिल्या असलेल्या कामाला सगळेच्या सगळे ६४ हवेत. १६ नोड सहापर्यंत तसेच पडून राहतील. दुपारी तीन वाजता मागून कुणी १६ नोड दोन तासांसाठी मागितले, तर त्याला मधे घुसवायला हरकत नाही, कारण पहिल्याला त्यामुळे एक मिनिटही उशीर होत नाही. याला बॅकफिलिंग म्हणतात. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यावर ते रुजलं आणि पुढे जगभर पसरलं. अडचण माणसांची आहे. दिलेली वेळ संपली की काम मारून टाकलं जातं, त्यामुळे तासाभराच्या कामाला लोक पाच तास मागतात, आणि असं काम त्या फटीत बसत नाही. डॅन त्साफ्रिर, योआव एत्सिओन आणि ड्रोर फाइटेलसन यांनी २००७ मध्ये यावर साधा तोडगा मांडला. त्याच वापरकर्त्याच्या मागच्या दोन कामांना प्रत्यक्षात लागलेल्या वेळाची सरासरी काढा, वेळापत्रकासाठी ती धरा. काम मारण्यासाठी मात्र त्यानं मागितलेलीच मुदत ठेवा. भाकीत चुकलं तर शिक्षा कामाला व्हायला नको, हा त्यातला न्यायाचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

रांगेत ताटकळणाऱ्याला मात्र सरासरीशी देणंघेणं नसतं. ‘जास्तीत जास्त किती थांबावं लागेल?’ एवढंच त्याला हवं असतं. डॅनियल नुर्मी, जॉन ब्रेविक आणि वोल्स्की यांनी याचं उत्तर थेट इतिहासातून काढलं. मागच्या ५९ कामांचे प्रतीक्षाकाळ घ्या आणि त्यांतला सर्वांत मोठा निवडा. शंभरातली ९५ कामं जिच्या आत सुरू होतात अशी एक खरी मर्यादा असते, जी आपल्याला ठाऊक नाही. सगळीच्या सगळी ५९ कामं त्या मर्यादेच्या आत पडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा ५९ वा घात, पाच टक्क्यांहून थोडी कमी. म्हणून तो सर्वांत मोठा काळ ९५ टक्के खात्रीनं त्या मर्यादेइतका किंवा तिच्या पुढचा असतो. ५८ कामांवर ही खात्री देता येत नाही, ५९ वर देता येते! अर्थात यासाठी परिस्थिती स्थिर हवी. सेमिस्टर संपत आलं, सबमिशनची गर्दी उसळली, सलग काही कामं मर्यादा ओलांडून गेली, तर जुना इतिहास टाकून नव्या नोंदींवरून हिशेब मांडावा लागतो.

एक धोका अजून उरतो, आणि तो भाकीत चांगलं असल्यामुळेच येतो. ग्रिडमधलं एखादं केंद्र मोकळं आहे असं सगळ्यांना एकाच वेळी कळलं, की सगळ्यांची कामं तिकडेच धावतात आणि पाच मिनिटांत तिथं सर्वांत लांब रांग लागते. मायकेल मिट्झेनमाखर यांनी शिळ्या माहितीचा हा परिणाम गणितानं तपासला. माहिती जुनी असेल तर सर्वांत मोकळं दिसणारं यंत्र निवडणं घातक ठरतं. त्यापेक्षा यादृच्छिकपणे दोन यंत्रं उचलावीत आणि त्यांतलं कमी गुंतलेलं घ्यावं. थोडी माहिती वापरायची, पण सगळ्यांनी एकाच दिशेला धावायचं नाही.

हे सगळं भारताला परकं नाही. सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेच्या गरुड ग्रिडनं पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या होत्या. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या महाकाय कण-प्रयोगांचा डेटा हाताळणाऱ्या जागतिक ग्रिडमध्ये ४० हून अधिक देशांतली केंद्रं आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र त्यांत आहेत. आज क्लाउड कंपन्याही आपली शिल्लक यंत्रं स्वस्तात भाड्यानं देतात आणि गरज पडली की परत घेतात. ॲमेझॉन त्यासाठी अवघी दोन मिनिटं आधी सूचना देते. कॉन्डरच्या लॅबमधला मालक परत आला, तसंच हे.

नागपुरात व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, पर्यावरण संशोधन करणारी नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, कॉलेजं तर गल्लोगल्ली आहेत. मोजायला, गणित करायला विषय भरपूर आहेत आणि रात्री झोपलेली यंत्रंही. एखाद्या कॉलेजनं हे मनावर घेतलं, तर यंत्रं वाटून देण्याच्या आधी एक सेमिस्टरभर नुसत्या नोंदी कराव्यात: कोणतं यंत्र कधी मोकळं झालं, किती वेळ राहिलं, कशामुळे परत गेलं. रात्री कुणी मेन स्विच बंद केला का, लाइट कधी गेली, नवतप्यात एसी दमल्यामुळे लॅब कोणत्या दिवशी बंद ठेवावी लागली, हेही त्याच वहीत लिहावं. विस्कॉन्सिनच्या थंडीत बेतलेल्या नियमांमध्ये या शेवटच्या रकान्याला जागा नव्हती; आपल्याकडे मे महिन्याचं भाकीत त्याच्याशिवाय बांधता येणार नाही.