परभाषी शब्दांचे व्याकरणिक मराठीकरण

दुसऱ्या भाषेतून आलेल्या शब्दाने नव्या भाषेतील लिंग, वचन, विभक्ती व क्रियारूपे यांची व्यवस्था स्वीकारण्याची प्रक्रिया. मराठीत अरबी, फारसी, पोर्तुगीज व इंग्रजी शब्दांच्या बाबतीत ती ठळकपणे दिसते.

मूळ भाषेतले लिंग शब्दाबरोबर येतेच असे नाही. पोर्तुगीजमध्ये ‘बटाटा’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत मात्र आकारान्तामुळे तो ‘आंबा’, ‘कांदा’ यांच्या पंक्तीत जाऊन पुल्लिंगी झाला आणि ‘बटाटे’, ‘बटाट्याची’ अशी रूपे घेऊ लागला. इंग्रजी वस्तुनामांना व्याकरणिक लिंग नसल्याने तेथे कधी शब्दाचा शेवट, तर कधी अर्थ निर्णय करतो : ‘कंपनी’, ‘बॅटरी’ ईकारान्त म्हणून, तर ‘बस’, ‘कार’ बहुधा ‘गाडी’च्या सोबतीने स्त्रीलिंगी ठरल्या. ‘पेन’ अजून ‘तो’ आणि ‘ते’ या दोहोंत घुटमळते.

वचनाच्या बाबतीत ‘हाल’ आणि ‘अहवाल’ ही जोडी मोठी मौजेची आहे. अरबीत ‘हाल’ हे एकवचन व ‘अहवाल’ हे त्याचे अनेकवचन. मराठीत ‘त्याचे हाल झाले’ असे अनेकवचनी, पण ‘अहवाल सादर झाला’ असे एकवचनी बोलले जाते.

शब्द किती रुळला याची खरी कसोटी सामान्यरूपात, म्हणजे प्रत्ययापूर्वी शब्दाच्या होणाऱ्या बदललेल्या रूपात, लागते. ‘तारीख–तारखेला’ यात उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातील) ‘ई’चा ‘अ’ होतो. ‘जमीन–जमिनीत’ याप्रमाणेच ‘तिकीट–तिकिटाला’, ‘पोलीस–पोलिसांनी’ या इंग्रजीतून आलेल्या शब्दांतही उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. ‘बँक’ ‘बँकेत’, ‘बँका’ अशी पूर्ण चालवली जाते. ‘बस’ मात्र ‘बसने’, ‘बसमध्ये’ अशी विकाराविना राहते आणि तिचे ‘बसेस’ हे अनेकवचनही इंग्रजी वळणाचेच आहे. ‘टेबलावर’ व ‘टेबलवर’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. त्यामुळे केवळ शब्दाच्या वयावरून त्याचे रूप सांगता येत नाही.

विशेषणांत शेवट निर्णायक असतो : फारसीतून आलेला ‘ताजा’ मराठीत ‘ताजी भाजी’, ‘ताजे दूध’ असा बदलतो, तर व्यंजनान्त उच्चाराचा ‘खराब’ सर्व लिंगांत तसाच राहतो. क्रियापदे दोन मार्गांनी घडतात. ‘खर्चणे’, ‘बदलणे’ यांत ‘-णे’ थेट जोडला आहे. ‘माफ करणे’, ‘जमा होणे’ यांत काळ व पुरुष यांचा भार मराठी क्रियापद वाहते. ‘फोन करणे’, ‘सेव्ह होणे’ अशा इंग्रजी शब्दांच्या क्रियांनी बहुतांशी हा दुसरा, फारसी शब्दांनी आधीच मळवलेला मार्ग धरला आहे.