कोळिणीला चेहरा द्यावा का? ई. बी. व्हाइट यांच्या चित्रचरित्रामागचा इतिहास

मेलिसा स्वीट या अमेरिकी चित्रकार-लेखिकेने केलेले अमेरिकी लेखक ई. बी. व्हाइट यांचे चित्रचरित्र ‘सम रायटर!’ या नावाने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ या मुलांसाठीच्या कादंबरीत विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाला कत्तलीपासून वाचवण्यासाठी शार्लट ही कोळीण गोठ्याच्या दारावरच्या जाळ्यात शब्द विणते. तिने विणलेल्या ‘सम पिग’ या पहिल्या दोन शब्दांवरूनच चरित्राचे नाव बेतलेले आहे. दीडशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात जलरंगातली चित्रे, कोलाज, जुनी छायाचित्रे, पत्रे, हस्तलिखिताची पाने आणि टाइपरायटरच्या अक्षरांत उतरवलेली व्हाइट यांची वाक्ये शेजारी शेजारी नांदतात. हे पुस्तक वाचताना जो आनंद मिळतो त्याचे बरेचसे श्रेय स्वीट यांच्या हाताला आहेच, परंतु त्याची मुळे दोन जुन्या गोष्टींत आहेत. मुलांसाठीच्या चरित्राने गेल्या शतकात आपला स्वभाव बदलला, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. शब्दांसाठी गाजलेला हा लेखक आयुष्यभर चित्रांच्या अगदी जवळ वावरला, आणि चित्र कसे असावे याविषयी त्याची मते ठाम होती.

पहिली गोष्ट थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत १९३० च्या दशकात थोर व्यक्तींच्या बालपणावरची एक चरित्रमाला सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे ती शाळाशाळांत वाचली गेली. तिच्यात प्रसंग रंगवण्यासाठी संवाद सर्रास कल्पनेने लिहिले जात आणि चित्रे म्हणजे छायाकृती असत. इंग्री व एडगर परँ दोलेर या दांपत्याच्या अब्राहम लिंकनवरील मोठ्या आकाराच्या सचित्र पुस्तकाला १९४० मध्ये मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक मिळाले आणि चित्रांतून चरित्र सांगण्याला प्रतिष्ठा आली. मात्र तिथेही चित्रे दंतकथेच्या अंगानेच जात होती. खरे वळण रसेल फ्रीडमन यांच्या १९८७ च्या लिंकन-चरित्राने दिले. छायाचित्रे आणि अस्सल कागदपत्रे यांवर उभ्या असलेल्या त्या पुस्तकाला पुढच्या वर्षी बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले, आणि मुलांसाठी लिहितानाही संवाद मनाने रचायचे नाहीत, हा दंडक हळूहळू रूढ झाला.

हा दंडक लेखकांच्या चरित्रकाराला मात्र अडचणीत टाकतो. सेनापतीच्या चरित्रात लढाया असतात, संशोधकाच्या चरित्रात प्रयोगशाळा असते. लेखक बहुतेक वेळ खुर्चीत बसून असतो. त्याचे काय चित्र काढायचे? संवाद रचायचे नाहीत असे एकदा ठरले, की उरतात ते त्याचे कागद: खाडाखोड केलेले मसुदे, समासात काढलेल्या आकृत्या, पत्रे, घरातल्या वस्तू. म्हणजे ज्या लेखकाचे कागद पाहण्याजोगे आहेत, त्याचेच चित्रचरित्र चांगले होऊ शकते. व्हाइट त्या बाबतीत भाग्यवान ठरले.

एल्विन ब्रुक्स व्हाइट यांचा जन्म ११ जुलै १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन येथे झाला. सहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील पियानो बनवणाऱ्या कंपनीत उच्चपदावर होते, तर आई जेसी ही विल्यम हार्ट या निसर्गचित्रकाराची मुलगी. हडसन नदीच्या परिसरातील निसर्ग रंगवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध चित्रसंप्रदायात या आजोबांची गणना होते. नातवाने आजोबांची कला उचलली नाही. पण गवत, पाणी, जनावर आहे तसे न्याहाळण्याची चिकाटी त्याच्याकडे होती, आणि लहानपणी कुटुंबासोबत मेन राज्यातील बेलग्रेडच्या तळ्यांवर घालवलेल्या उन्हाळ्यांनी ती पक्की केली. १९२१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठातून पदवीधर झाले. विद्यापीठाच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव अँड्र्यू व्हाइट असल्यामुळे तिथे व्हाइट आडनावाच्या विद्यार्थ्याला ‘अँडी’ म्हणण्याची प्रथा होती. ते टोपणनाव त्यांना जन्मभर चिकटले. एल्विन हे नाव मनापासून नावडते असलेल्या माणसाची ही चांगलीच सोय झाली.

‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिक १९२५ मध्ये निघाले आणि व्हाइट त्यात लवकरच लिहू लागले. याच कचेरीत भेटलेल्या संपादक कॅथरीन एंजेल यांच्याशी त्यांनी १९२९ मध्ये विवाह केला. या साप्ताहिकाची ओळख गद्याइतकीच व्यंगचित्रांवर उभी होती, आणि चित्राखालची ओळ घासूनपुसून नेमकी करण्याचे काम व्हाइट यांच्याकडे येत असे. १९२८ च्या डिसेंबरमध्ये कार्ल रोझ यांचे एक चित्र छापले गेले. त्यात आई मुलीला समजावते की बाळ, ही ब्रोकोली आहे, आणि मुलगी ठणकावते की मी तर याला पालकच म्हणणार आणि गेला तो पालक चुलीत. ही ओळ व्हाइट यांची होती, आणि पुढे अमेरिकी बोलण्यात ती म्हणीसारखी रुळली.

त्याच कचेरीत एका लहानशा खोलीत जेम्स थर्बर त्यांच्यासोबत बसत. थर्बर पेन्सिलीने भराभर माणसे आणि कुत्री काढत आणि कागद फेकून देत. व्हाइट यांनी ते उचलले, त्यांवर शाई फिरवली आणि ते छापले जावेत म्हणून आग्रह धरला. १९२९ मध्ये दोघांनी मिळून एक विनोदी पुस्तक केले, तेव्हा ही रेखाटने कच्चे आराखडे असावेत असा प्रकाशकांचा समज झाला होता, आणि हीच खरी चित्रे आहेत असे व्हाइट यांना त्यांना सांगावे लागले. विसाव्या शतकातील एक मोठा व्यंगचित्रकार जगापुढे येण्यात एका गद्यलेखकाचा एवढा वाटा असावा, ही गोष्ट व्हाइट यांच्या कोणत्याही चरित्रात ठळकपणे यायला हवी. खुद्द व्हाइट यांनी ‘न्यूयॉर्कर’चे एकच मुखपृष्ठ केले. २३ एप्रिल १९३२ च्या अंकावरच्या त्या चित्रात तोंडाला तोबरा बांधलेला समुद्रघोडा आहे.

व्हाइट दांपत्याने १९३३ मध्ये मेनच्या किनाऱ्यावर नॉर्थ ब्रुकलिन येथे शेतघर घेतले आणि १९३८ पासून ते तिथे राहू लागले. मेंढ्या, कोंबड्या, डुकरे पाळणारा शेतकरी आणि मासिकाचे स्तंभ लिहिणारा लेखक अशी दोन्ही कामे ते करत राहिले. मुलांसाठीचे पहिले पुस्तक मात्र या शेतावरचे नव्हे. १९२६ मध्ये आगगाडीत झोपेत त्यांना उंदरासारखा दिसणारा एक टापटीप, चिमुकला मुलगा स्वप्नात दिसला होता. भाचेपुतण्यांना सांगण्यासाठी त्यांनी त्याचे काही प्रसंग लिहून ठेवले. ते कागद जवळजवळ दोन दशके टेबलाच्या खणात होते. त्यांतूनच घडलेले ‘स्टुअर्ट लिटल’ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या निवृत्त प्रमुख अॅन कॅरल मूर यांनी हे पुस्तक छापू नये असे लांबलचक पत्रांतून कळवले. मुलांच्या पुस्तकांच्या जगात मूर यांचा शब्द तेव्हा अखेरचा मानला जात असे. हार्पर प्रकाशनाच्या बालविभागाच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम डगमगल्या नाहीत, आणि १९४५ मध्ये पुस्तक आले. शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या गार्थ विल्यम्स यांनी त्याची चित्रे काढली; मुलांच्या पुस्तकासाठी चित्रे काढण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

विल्यम्स आणि व्हाइट यांचा खरा कस लागला तो पुढच्या पुस्तकात. १९४७ च्या सप्टेंबरात व्हाइट यांच्या शेतावरचे एक डुक्कर आजारी पडले. वसंतात विकत आणायचे, पोसायचे आणि थंडी पडताच मारायचे, हा शेतावरचा क्रमच होता. तरीही हिवाळ्यात आपणच ज्याला मारणार होतो त्याला वाचवण्यासाठी ते काही दिवस रात्रंदिवस झटले, आणि डुक्कर मेलेच. त्यावरचा त्यांचा निबंध जानेवारी १९४८ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात आला. डुकराला वाचवण्याची कथा रचायची, हा विचार इथपासून आकार घेऊ लागला. वाचवणारे कोण, याचे उत्तर गोठ्यातच सापडले. तिथे एक कोळीण अंड्यांची पिशवी विणताना त्यांनी पाहिली. मग ती पिशवी कापून घेऊन, मिठाईच्या खोक्यात घालून ते न्यूयॉर्कला गेले आणि शयनगृहातल्या कपाटावर त्यांनी ते खोके ठेवून दिले. काही आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडली आणि त्यांनी केसांचा ब्रश, नखे कापायची कात्री आणि आरसा यांच्यामध्ये धागे ताणले. कामवालीने तक्रार करेपर्यंत हा संसार तिथे सुखाने चालला.

एवढ्यावर भागले नाही. व्हाइट यांनी वर्षभर कोळ्यांचा अभ्यास केला. त्यासाठी अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील कोळीतज्ज्ञ विलिस गर्ट्श यांचे साहाय्य त्यांनी घेतले आणि कॉर्नेलचेच कीटकशास्त्रज्ञ जॉन हेन्री कॉमस्टॉक यांचा जुना ग्रंथही चाळला. पहिल्या मसुद्यात शार्लटचे आडनाव एका जातीवरून ठेवले होते. गोठ्यातली कोळीण त्या जातीची नाही हे कळल्यावर ते बदलून ‘कॅव्हॅटिका’ करण्यात आले. कादंबरीत शार्लट आपल्या पायाचे सातही भाग शास्त्रीय नावांनी मोजून दाखवते आणि तिच्या पिशवीत ५१४ अंडी असतात. परीकथेला एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. पण जाळ्यात अक्षरे उमटतात ही एकच अशक्य गोष्ट वाचकाने स्वीकारावी, म्हणून बाकी सारे खरे असले पाहिजे, अशी त्यांची रीत होती. मसुदेही तसेच घासले गेले. जानेवारी १९५१ मध्ये पहिला मसुदा संपला, तेव्हा त्यात फर्न ही मुलगी नव्हती. व्हाइट यांनी तो बाजूला ठेवला आणि पुढे नव्याने लिहिताना तिला आणले. बाबा कुऱ्हाड घेऊन कुठे निघाले, हा फर्नचा प्रश्न आज पुस्तकाचे पहिले वाक्य आहे. तो सापडण्याआधी गोठ्याच्या वर्णनाने, डुकराने, कोळिणीने अशा वेगवेगळ्या सुरुवाती करून पाहिलेल्या होत्या.

असे पुस्तक विल्यम्स यांच्या हाती आल्यावर वाद होणे अपरिहार्य होते. फर्न सोपी होती. तिच्यासाठी त्यांनी आपली मुलगी फियोना हिला डोळ्यांपुढे ठेवले. शार्लटला मात्र त्यांनी बाईचा चेहरा देऊन पाहिला. हसरी, प्रेमळ, मुलांना आवडेल अशी कोळीण काढावी, हा चित्रकाराचा विचार त्या काळच्या रिवाजाला धरूनच होता. व्हाइट यांनी तो मानला नाही. कोळीण कोळिणीसारखी दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी कोळ्यांवरचे शास्त्रीय साहित्य विल्यम्स यांना पाहायला सुचवले. छापील पुस्तकात आठ पायांची, लहानशी, धाग्याला लटकणारी शार्लट दिसते आणि चेहऱ्याचा आभास तेवढा उरतो. माझ्या मते, हा वाद व्हाइट यांनी जिंकला नसता तर शार्लटच्या मृत्यूचे प्रकरण एवढे जिव्हारी लागले नसते, कारण हसऱ्या चेहऱ्याच्या बाहुलीसाठी आपण रडतो तेव्हा आपली समजूत काढण्याची सोय चित्रातच असते. १५ ऑक्टोबर १९५२ रोजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठाचे मूळ चित्र २०१० मध्ये लिलावात दीड लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले.

१ ऑक्टोबर १९८५ रोजी व्हाइट यांचे निधन झाले. त्यांचे मसुदे आणि कागद कॉर्नेलच्या ग्रंथालयात जपलेले असल्यामुळे अभ्यासकांची वाट आधीच मोकळी झाली होती. त्यांची निवडक पत्रे १९७६ मध्ये, स्कॉट एलेज यांचे विस्तृत चरित्र १९८४ मध्ये आणि ‘शार्लट्स वेब’ची पीटर न्यूमायर यांनी केलेली सटीप आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. न्यूमायर यांच्या आवृत्तीमुळे गोठ्याचे नकाशे, कोळ्याच्या शरीराच्या आकृत्या आणि खोडलेल्या ओळी प्रथमच सामान्य वाचकापुढे आल्या. १९७६ मध्ये जिल क्रेमेंट्झ यांनी टिपलेले एक छायाचित्रही सर्वांच्या ओळखीचे झाले होते: समुद्राकाठच्या होडी ठेवायच्या लाकडी खोपटात, उघड्या खिडकीपाशी, साध्या बाकावर बसून टाइपरायटरवर लिहिणारे वृद्ध व्हाइट.

मेलिसा स्वीट यांच्यापुढे हा सगळा ऐवज होता. त्या स्वतः मेनमध्येच राहतात, आणि डॉक्टर-कवी विल्यम कार्लोस विल्यम्स तसेच शब्दकोशकार पीटर मार्क रॉजे यांच्या चित्रचरित्रांसाठी कॅल्डेकॉट पुरस्काराचा सन्मान त्यांना आधीच मिळालेला होता. लिहिणाऱ्या माणसाचे चित्र कसे काढायचे, हा प्रश्न त्यांनी दोनदा सोडवलेला होता. या पुस्तकात व्हाइट यांच्या नात मार्था व्हाइट यांचा समारोपाचा लेख आहे. क्वचित एखाद्या पानावर कात्रणांची गर्दी होते आणि डोळा कुठे ठेवावा कळत नाही. पण मसुद्यांची पाने येतात तिथे स्वीट यांनी हात आवरला आहे, आणि लहान वाचकालाही खोडलेली ओळ नि तिच्यावर लिहिलेली ओळ बोट ठेवून ताडून पाहता येते. ज्या लेखकाने चित्रकाराला कोळिणीचा चेहरा काढू दिला नाही, त्याच्या चरित्रात चित्रकाराने मूळ कागदाला मागे रेटले नाही, ही निवड मला फार योग्य वाटते.

२०१७ मध्ये या चरित्राला ‘ऑर्बिस पिक्टस’ पुरस्कार मिळाला. मुलांसाठीच्या माहितीपर लेखनाला दिला जाणारा हा पुरस्कार शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांच्या १६५८ च्या सचित्र पाठ्यपुस्तकाच्या नावाने ओळखला जातो. त्या पुस्तकात चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला असून शेजारच्या मजकुरात तोच आकडा येतो. खुद्द ‘शार्लट्स वेब’ला १९५३ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले नव्हते. ते अॅन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला गेले, आणि व्हाइट यांच्या वाट्याला उपविजेत्याचा सन्मान आला.