फोटोमागचा नंबर : घरच्या फोटोग्राफरची पार्श्वभूमी

आजी गेली तेव्हा हार घालायला तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. होता तो काकाच्या लग्नातला ग्रुप फोटो, कृष्णधवल, आणि त्यात ती दुसऱ्या रांगेत, आत्याच्या खांद्याआड. फोटो उलटला तर मागे स्टुडिओचा निळा शिक्का आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेला चार आकडी नंबर. तो नंबर घेऊन वडील बाजारपेठेतल्या माडीवर गेले. स्टुडिओवाल्या काकांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून नेमकं पाकीट काढलं, निगेटिव्ह उजेडाला धरली आणि म्हणाले, "खांदा घालवतो, पदर थोडा पुढे घेतो. तेराव्याच्या आधी देतो." दिलाही. निरखून पाहिलं तर एका जागी पदराच्या काठाची नक्षी चुकलेली दिसते. आम्हा घरच्यांना ती जागा पाठ आहे.

आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असताना गावातल्या फोटोग्राफरला पैसे कशाचे द्यायचे, असं लोक विचारतात. मला तरी उत्तर त्या पाकिटात सापडतं. पण अशी पाकिटं जपणारा हा धंदा आपल्याकडे आला कसा, ते आधी सांगायला हवं.

फ्रान्सच्या लुई डागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली. सोसायटीत साहेबमंडळींचा भरणा होता, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिथले जाणते छायाचित्रकार होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा स्टुडिओच थाटला. म्हणजे हा धंदा आपल्याकडे फार उशिरा किंवा कुणाच्या मेहेरबानीनं आलेला नाही.

त्या काळी फोटो काढणं हे अंगमेहनतीचं काम होतं. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. काच वाळली की सगळं वाया. समोरच्यानं कित्येक सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतली माणसं इतकी करारी का दिसतात, याचं निम्मं कारण हे आहे. इतका वेळ हसू टिकत नाही. उजेड लागायचा म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली असत. पुढे विजेचे दिवे आले तरी कित्येक गावांत 'माडीवरचा स्टुडिओ' माडीवरच राहिला.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरनं एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि फोटो स्वस्त होत गेला. त्यानंतर मोठ्या आकाराचं 'कॅबिनेट' कार्ड आलं. म्हातारे फोटोग्राफर 'कॅबिनेट साइज' हा शब्द अजून वापरतात, तो तिथला. १८८०च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तसा फोटोग्राफर स्टुडिओबाहेर पडून वाड्यावर येऊ शकला.

त्याच वर्षांत मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा स्टुडिओ सुरू झाला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चलत्‌चित्र घेतलं. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला होता. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावून ते तिथून निघाले. मराठी माणूस सिनेमाकडे गेला तो फोटो स्टुडिओच्या दारातून, हे मला फार मोलाचं वाटतं.

बायकांचा प्रश्न वेगळा होता. परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये निजामाच्या राज्यात खास बायकांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला. आपल्या घरांत मात्र हा संकोच हळूहळू गेला, आणि माझ्या मते तो घालवला ओळखीच्या फोटोग्राफरनं. तो कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी वर्गमित्र असायचा. त्याच्यासमोर सासूसून शेजारी बसायच्या.

म्हणून तर आपल्या सणासंस्कारांचे खास फोटो घडले. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घातलेली नवी सून. बोरन्हाणाचं बाळ, हलव्याचा मुकुट कपाळावर घसरलेला, रडण्याच्या बेतात. आणि डोहाळजेवण! झोपाळ्यावर, पुठ्ठ्याच्या नावेत, चंद्रकोरीवर, हातात धनुष्यबाण घेऊन. यातला सगळ्यात सुंदर फोटो आरशाचा. बाई तिरकी बसते, मागे आरसा ठेवतात. चेहरा समोर दिसतो आणि फुलांनी गुंफलेली वेणी आरशात. एकाच फोटोत दोन्ही यायला हवं, शिवाय कॅमेरा आरशात दिसता कामा नये. ज्यानं हे शंभरदा केलंय त्याला आरसा किती कलता करायचा ते हाताला ठाऊक असतं. आईच्या अशा फोटोत आरशाच्या कडेला कुणाची तरी बोटं आलीत. आरसा धरून बसलेली मावशी ती.

साठच्या दशकापासून बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री घराघरांत गेला. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटो जपून. रोल धुवायला मात्र स्टुडिओतच जायचं, त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराचं आयुष्य त्या डार्करूममधून जात होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रंगीत प्रिंटच्या यंत्रांनी डार्करूम बंद पाडली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ मध्ये, मतदारांना फोटो असलेली ओळखपत्रं द्यायचं ठरलं आणि जन्मात फोटो न काढलेली माणसंही कॅमेऱ्यासमोर आली. डिजिटल आल्यावर उरलं ते लग्न, बारसं, पासपोर्ट साइज आणि पानांवरच फोटो छापलेला करिष्मा अल्बम.

या सगळ्यात पाकिटं गेली. जुन्या फिल्ममधली चांदी काढून घेता येते, म्हणून त्या किलोवर विकल्या गेल्या. काचा धुऊन दुसऱ्या कामाला लावल्या गेल्या. आमच्या त्या माडीवरही आता मोबाइलचं दुकान आहे. डबे कुठे गेले, ते काकांच्या मुलालाही सांगता आलं नाही. आजीचा तो नंबर आता कुठलंच दार उघडत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

यात एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. आजीच्या फोटोचा हक्क आमचा होता, निगेटिव्ह मात्र काकांच्या डब्यात. रीतच तशी होती, आणि काका असेपर्यंत तिचा आम्हाला फायदाच झाला. आता डब्याच्या जागी हार्ड डिस्क आहे. बहिणीच्या डोहाळजेवणाला ज्या मुलाला बोलावलं, त्याला मी इसार देतानाच विचारलं, की डेटा किती दिवस ठेवतोस. "सहा महिने," तो म्हणाला. मग पावतीवर लिहून घेतलं : निवडलेलेच नव्हे तर सगळे फोटो पेन ड्राइव्हवर द्यायचे, आणि आम्हाला विचारल्याशिवाय एकही इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. त्यानं आनंदानं सही केली. आरसा त्याच्याकडे नव्हता, तो आम्ही कपाटाचा काढून दिला.